अडसरापासून सेंट्रल लॉकपर्यंत



कोंकणांतील जुन्या घराचा दरवाजा आपण पाहिला असेल. त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींत भोकें ठेवलेलीं असत आणि त्यांतल्या एका खोल भोकांत जाड चौकोनी लाकूड सरकवून ठेवलेलें असे. रात्रीं दार लावलें कीं घरचा माणूस तें ओढून समोरच्या भोकांत घाली. हाच अडसर. किल्ल्यांच्या दरवाजांच्या आंतल्या अंगास असलीं भोकें आजहि दिसतात. अडसरांत बिघडण्यासारखें फारसें कांहीं नव्हतें. पावसाळ्यांत लाकूड फुगून अडकलें तर दोन ठोके दिले म्हणजे काम होई. त्याचा दोष एकच होता. तो आंतूनच घालतां येई, आणि म्हणून घर बंद ठेवावयाचें तर कोणी तरी घरांत असावेंच लागे.

ही अडचण कुलपानें दूर केली. कुलपाच्या पोटांतील लोखंडी दांडा म्हणजे लहानसा अडसरच. मात्र हात बाहेर आला आणि हात व अडसर यांच्यामध्यें किल्ली आली. कुलपाचा सारा इतिहास हें अंतर वाढत गेल्याचा इतिहास आहे, असें मला वाटतें. लंडनच्या जोसेफ ब्रामा यानें १७८४ मध्यें आपल्या कुलपाचें पेटंट घेतलें. तसलें एक कुलूप पुढें दुकानाच्या खिडकींत मांडलेलें असे, आणि तें किल्लीवांचून उघडणारास २०० गिनींचें बक्षीस होतें. १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कारागिरानें तें उघडलें; १६ दिवसांत मिळून ५१ तास त्याला खपावें लागलें! आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनीं १८९७ मध्यें मुंबईस लालबागेंत कुलपांचा उद्योग सुरू केला. या सर्व कुलपांत एक गोष्ट मात्र कायम राहिली. किल्ली फिरविणाऱ्या हाताचाच जोर अडसरापर्यंत पोहोंचत असे. आंत कांहीं अडलें तर तें बोटांना कळे.

मोटारगाडींतहि पुष्कळ वर्षें असेंच होतें. अँबेसेडर किंवा फिआट ज्यांनीं चालविली त्यांस स्मरत असेल, गाडी उभी केल्यावर आसनावरून मागें हात लांब करून एकेका दाराची खुंटी दाबावी लागे, आणि त्यांतली एखादी हटकून राही. ही दगदग वांचविण्याची कल्पना मोठ्या किमतीच्या गाड्यांत प्रथम आली. अमेरिकेंत पॅकार्ड कंपनीनें १९५६ च्या आपल्या गाड्यांत विजेनें चालणारीं दारांचीं कुलपें दिलीं. जर्मनींतील मर्सिडीजच्या कित्येक गाड्यांत दारादारांतून बारीक नळ्या नेऊन हवेच्या ओढीनें कुलपें चालविलीं जात. १९८२ च्या सुमारास फ्रान्सच्या रेनो कंपनीच्या फ्वेगो गाडीला दुरून चालणारी किल्ली मिळाली. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरांत मारुति ८०० आली ती साध्या कुलपांची. पुढें सेंट्रल लॉकचा संच बाजारांतून आणून गाडीला बसवून घेण्याची चाल पडली आणि यथाकाल कारखान्यांतूनच तो येऊं लागला.

या संचांत असतें काय? प्रत्येक दाराच्या पत्र्याआड विजेची एक चिमुकली मोटर, तिचें दांतेरी चाक आणि त्यानें वरखालीं होणारी सळई. प्रवाह एका दिशेनें क्षणभर सोडला कीं सळई खालीं जाते, उलट सोडला कीं वर येते. हा प्रवाह सोडणारी पेटी एके जागीं लपविलेली असते. चालकाच्या दारांतील मोटरीला खटकाहि जोडलेला असतो, म्हणून बाजारच्या संचांत त्या दाराला बहुधा पांच तारा आणि बाकीच्यांना दोनच. म्हणजे हात आणि अडसर यांच्यामध्यें आतां खटका, फ्यूज, पेटी, तार, मोटर, चाक आणि सळई इतकीं मंडळी येऊन बसलीं. बोटांना कांहीं कळेनासें झालें.

तेव्हां मिस्त्रीनें कानाला विचारावयाचें. चारी दारें मुकीं असलीं तर दोष सर्वांच्या मुळाशीं, म्हणजे फ्यूज, पेटी किंवा चालकाचा खटका येथें शोधावा. एकच दार मुकें असेल तर त्याची तार किंवा मोटर. दारांतून आवाज येतो पण खुंटी हलत नाहीं, तर वीज निर्दोष आहे. सळईची चाप निसटली असेल किंवा दांतेरी चाक झिजलें असेल. खुंटी हलते पण अर्ध्यावर थांबते, तर वंगण वाळून चिकट झालें आहे. ही परीक्षा फुकट होते. तरी ती न करतां प्रथम पेटीच बदलणारे कारागीर थोडे नाहींत.

आमच्या रत्नागिरीच्या हवेनें या विषयांत स्वतःची भर घातली आहे. येथें वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. काचेच्या रबराजवळून थोडें पाणी दाराच्या पोटांत उतरतें. तें उतरणार हें गृहीत धरूनच दाराच्या बुडाशीं भोकें ठेवलेलीं असतात. जांभ्याची तांबडी माती तीं भोकें बुजविते, दारांत पाणी सांचतें आणि खाऱ्या हवेनें आधींच हिरवटलेल्या तांब्याच्या जोडांचें उरलेलें आयुष्य संपतें. दाराच्या आंतल्या आच्छादनामागें प्लॅस्टिकचा कागद चिकटविलेला असतो तो पाण्यासाठींच. घाईचा कारागीर तो फाडून टाकतो.

माझ्या गाडीचें डावें दार दोन पावसाळे असेंच लहरी झालें होतें. कधीं लागे, कधीं न लागे. एका कारखान्यांत मोटर बदलली, पैसे घेतले; आठ दिवसांनीं पुन्हां तेंच. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रीनें मोटरीच्या दोन तारांना लहान दिवा जोडला, मला कळ दाबीत राहावयास सांगितलें आणि दार हळूहळू उघडलें. दार मिटत आलें कीं दिवा लागे, पुरें उघडलें कीं विझे. दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळी त्यानें मागें सारली. तारेचें आवरण अखंड होतें, आंतलें तांबें मात्र तुटलेलें! दार उघडतां मिटतां तार त्याच जागीं हजारों वेळां वांकली होती. त्यानें नरम तारेचा नवा तुकडा डाख देऊन जोडला, आणि जोड मुद्दाम वांकणाच्या बाहेर ठेवला.

हें सारें सोयीपुरतें असतें तर मीं आपला वेळ घेतला नसता. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्या पुरांत कांहीं माणसें बंद गाड्यांतच गुदमरून गेलीं. मीटरभर रुंदीच्या दारावर बाहेरून अर्धा मीटर पाणी चढलें तर त्याचा रेटा सुमारें १२५ किलो होतो. त्यांत वीज गेली, काच खालीं येईना आणि कुलूप सुटेना, तर माणसानें काय करावें? आमच्या जिल्ह्यांत चिपळुणास त्याच दिवसांत आणि पुन्हां २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीचें पाणी शहरांत शिरलें. पुरांतून निघालेल्या गाडीच्या दारांत गाळाचा थर बसतो. तिची बॅटरी प्रथम सोडवावी, दारें खोलून गोड्या पाण्यानें धुवावीं, पुरतीं वाळवावीं, मगच वीज जोडावी. आंतल्या मुठीपासून कुलपापर्यंत जाणारी साधी दोरी किंवा सळई अद्याप बहुतेक गाड्यांच्या दारांत असते; अडसराच्या वंशांतली तीच एक शिल्लक आहे, आणि सेंट्रल लॉक दुरुस्त करतांना तिच्याकडेच कोणी पाहत नाहीं.

तो वृद्ध मिस्त्री पाहत असे. मीं पैसे काढले तेव्हां त्यानें हात केला, "थांबा साहेब." गाडीचें तोंड उघडें ठेवून तो आंत बसला, कुलूप लावलें आणि मला बॅटरीची तार काढावयास सांगितलें. मग एकामागून एक चारी दारें त्यानें आंतल्या मुठीनें उघडून पाहिलीं. मागचें उजवें दार उघडेना. मुलांसाठीं असलेला लहान खटका त्या दाराच्या कडेला लावलेला होता. केव्हां आणि कोणी लावला हें मला आठवेना. तो त्यानें सोडला, दार पुन्हां लावून आंतून उघडलें, आणि मग पैसे घेतले.