चावडीवरच्या पाटीतले पाच जण

आपल्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. गणपतीच्या वर्गणीची यादी आणि पाणीपट्टीची नोटीस तिच्याच शेजारी चिकटवतात, त्यामुळे ती बघितली सगळ्यांनी आहे, वाचली मात्र थोड्यांनी. 1914 ते 1919 च्या महायुद्धात या गावातून 38 माणसं गेली आणि त्यातली 5 कामी आली, एवढाच मजकूर तिच्यावर आहे. नाव एकाचंही नाही.

अशा पाट्या सातारा, रत्नागिरी भागात बऱ्याच गावांत सापडतात. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीतले तर 46 जण त्या युद्धात गेले असं सांगतात, आणि 'मिलिटरी' हा शब्दच त्या गावाच्या नावाला चिकटला. तेवढी कीर्ती काही आपल्या वाट्याला आली नाही. आपल्याकडे पाच. त्या पाचांपैकी एक माझे पणजोबा. आणि त्यांच्या मुलाबद्दल, म्हणजे माझ्या आबांबद्दल, आज जरा सविस्तर लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

आबा दुसऱ्या महायुद्धात होते हे गावातल्या जुन्या माणसांना माहीत आहे. ते स्वतः फार बोलायचे नाहीत. 'मिसरात होतो, मग इटाळीत' एवढं सांगून तंबाखू मळायला घ्यायचे. एक गोष्ट मात्र ते न विचारता सांगायचे. तिथे पांढरेशुभ्र बैल असतात, आपल्या खिल्लारापेक्षा हातभर उंच, आणि तिथला शेतकरी त्यांना आपल्यासारखाच नावाने हाका मारतो. आम्ही पोरं हसायचो, म्हातारा फेकतोय म्हणायचो. नंतर वाचनात आलं की मध्य इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आणि त्याच्या शेजारच्या भागात किआनीना नावाची पांढऱ्या, प्रचंड उंच बैलांची जात आहे. म्हणजे आबा नेमके कुठल्या भागात होते ते त्या बैलांनीच सांगितलं.

बाकीचं त्यांच्या काळ्या ट्रंकेने सांगितलं. त्यात डिस्चार्जचा कागद होता. भरतीचं वर्ष 1940, सुटका 1946, उंची, डाव्या भुवईवरचा व्रण, पलटण 3/5 मराठा लाइट इन्फंट्री. आणि चिंधीत बांधलेले तीन बिल्ले. त्यातल्या एकाची फीत तांबडी, पांढरी, हिरवी. तो इटली स्टार. ज्यांच्या घरी असे बिल्ले असतील त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश सैनिकांचे बिल्ले कोरे दिले गेले, पण हिंदुस्थानी सैनिकांच्या बिल्ल्यांवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. गोल बिल्ल्याच्या कडेवर, चांदणीसारख्या बिल्ल्याच्या पाठीवर. चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मऊ फडक्याने पुसा आणि तिरप्या उजेडात धरा.

आता पलटणीचा नंबर का महत्त्वाचा, ते सांगतो. 1922 मध्ये इंग्रजांनी जुन्या पलटणींची नव्याने मांडणी केली. 103, 105, 110, 116 आणि 117 या जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा रेजिमेंट झाली, तिचं केंद्र बेळगाव. त्यात जुनी 110 वी पलटण झाली तिसरी बटालियन, म्हणजेच 3/5. आणि पणजोबा गेले होते ते 110 व्या मराठा पलटणीतून. बाप ज्या पलटणीत गेला तिच्यातच मुलगा भरती झाला. हे ठरवून झालं असणार, कारण पणजीने आबांना लहानपणापासून 'बापाची पलटण' हाच शब्द शिकवला होता, असं चुलत आजोबा सांगायचे.

बापाला आबांनी कधी पाहिलं नाही. कोतवाल बुकात आबांच्या जन्माची नोंद 1915 ची आहे, मोडीत. (2023 नंतर कुणबी नोंदी शोधायला सगळा जिल्हा तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लोटला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम बरे दिवस आले. त्या गर्दीतच आमचंही काम झालं. कोतवाल बुकात जातीच्या रकान्याशिवाय आणखीही बरंच काही असतं, तेही कधी वाचा.) पणजोबा तोवर मेसोपोटेमियात पोचले होते. आपले लोक त्याला सरसकट 'बसरा' म्हणायचे.

तिथे काय झालं ते थोडक्यात असं. पुण्याची सहावी डिव्हिजन नोव्हेंबर 1914 मध्ये फाओला उतरली. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ती तैग्रिस नदीच्या कडेने बगदादच्या रोखाने वर सरकत गेली. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला मोठी लढाई झाली, माणसं फार पडली, आणि उरलेलं सैन्य मागे फिरून कूत-अल-अमारा या नदीकाठच्या गावात शिरलं. 7 डिसेंबरला तुर्कांनी वेढा घातला. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. वेढा 147 दिवस चालला.

गोळीने मेले त्यापेक्षा उपासाने झालेले हाल लोकांच्या जास्त लक्षात राहिले. धान्याचा शिधा घटत गेला. घोडे कापायला सुरुवात झाली, पण हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडच्या शिपायांनी ते मांस खायचं नाकारलं. टाउनशेंडने हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून बिनतारी संदेशाने परवानग्या मागवल्या, तरी पुष्कळ जण शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. जात जाईल, गावी तोंड कसं दाखवायचं, सोयरिक कोण करील, ही भीती. हिरड्यांतून रक्त यायचं, सांधे धरायचे. भाजी नाही, मांस नाही, नुसत्या जवाच्या पिठावर माणूस किती दिवस उभा राहणार? वेढा फोडायला बाहेरून जे सैन्य निघालं त्याचे सुमारे 23,000 जण मेले किंवा जखमी झाले, आणि आत होते साधारण 13,000. तरी वेढा फुटला नाही. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. जे जिवंत होते त्यांना वाळवंटातून चालवत नेलं, त्यातलेही पुष्कळ परतले नाहीत.

पणजोबा तिथवर पोचले नाहीत. ते वेढ्यातच, फेब्रुवारी 1916 मध्ये गेले. पगार महिना 11 रुपये. घरी एकोणीस वर्षांची बायको आणि तिच्या मांडीवर आबा.

युद्ध संपल्यावर सरकारकडून पणजीला ब्राँझची एक जाड गोल चकती आली. सिंह, हातात त्रिशूळ घेतलेली बाई, आणि कडेने इंग्रजी अक्षरं. मेलेल्या प्रत्येकाच्या घरी ती पाठवली, अशा 13 लाखांहून जास्त चकत्या वाटल्या. पणजीला ती बाई देवी वाटली. तिने चकती देव्हाऱ्यात ठेवली आणि हयातभर हळदकुंकू वाहिलं. कडेने लिहिलेल्या इंग्रजीचा अर्थ असा की, हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे विचारायला पणजीला वाचता कुठे येत होतं. त्या चकतीवर पणजोबांचं नाव मात्र आहे. पाटीवर नाही, पण चकतीवर आहे.

आणि बसऱ्याला? तिथे 1929 मध्ये मोठं स्मारक उभं राहिलं, मेसोपोटेमियात मेलेल्या आणि थडगं नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त जणांसाठी. त्यावर ब्रिटिश शिपायाचंसुद्धा नाव कोरलंय. हिंदुस्थानी पलटणींच्या खाली फक्त अधिकाऱ्यांची नावं आणि त्यापुढे 'आणि इतर इतके हिंदुस्थानी सैनिक'. चावडीवर जी पद्धत, तीच बसऱ्यात. 1997 मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते अख्खं स्मारक शहराबाहेर 32 किलोमीटरवर हलवलं, पण आकडे आकडेच राहिले. 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने चौकशी अहवाल काढला आणि माफी मागितली. हिंदुस्थानी आणि आफ्रिकी मिळून हजारो माणसांना नावाने स्मरलंच गेलं नाही हे त्यांनी लेखी मान्य केलं. शंभर वर्षांनी का होईना.

पण एक चांगली गोष्ट आहे. दगडावर नसली तरी कमिशनच्या नोंदवहीत बरीच नावं होती आणि ती आता त्यांच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. पणजोबा तिथेच सापडले. शोधताना आडनावाच्या मागे लागू नका. कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलंय, आणि पुष्कळ वेळा आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. जादा माहितीच्या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा असतो, तिथे शोधा. गावाच्या नावाची स्पेलिंग पाच-सहा तऱ्हांनी घालून बघा. आपलं गाव चौथ्या तऱ्हेला लागलं.

आबांकडे परत येतो. 3/5 पलटण दहाव्या इंडियन डिव्हिजनबरोबर मार्च 1944 मध्ये इटलीत उतरली आणि उन्हाळ्यात टायबरच्या वरच्या खोऱ्यात लढली. याच पलटणीतले नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे, वय 22. 10 जुलै 1944 ला त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे पडल्यावर ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले. गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 मध्ये माँतोने नावाच्या त्या इटालियन गावाने त्यांच्या स्मरणार्थ एक सूर्यघड्याळ उभारलं. इटलीच्या मोहिमेत दिलेल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 हिंदुस्थानी सैनिकांचे, आणि तिथे मेलेले आपले 5,782. या खेपेला मात्र शिपायाचंही नाव कोरलं गेलं, कसिनोच्या स्मारकावर घाडग्यांचंही आहे.

आबा जिवंत परतले, पण पेन्शन नाही. पेन्शनीइतकी वर्षं भरली नव्हती, युद्ध संपलं तसं घरी पाठवलं. बरोबर ट्रंक, घोंगडी आणि ते तीन बिल्ले. मग गिरणीत बदली कामगार, मग परत गाव.

1946 मध्ये सुटून आल्याबरोबर ते घरी न थांबता नाशिकला गेले, हे आम्हाला कोणाला ठाऊकच नव्हतं. आपल्या भागातल्या घराण्यांची नामावळ नाशिकच्या उपाध्यांकडे असते. गेल्या वर्षी मी तिथे गेलो, गाव आणि कूळ सांगितलं, गुरुजींनी वही काढली. सात पिढ्या निघाल्या. माझ्या खापरपणजोबांचा भाऊ फलटणकडे सरकला होता हेही तिथेच कळलं. आणि मग आबांची नोंद. वडिलांचं श्राद्ध करायला आले. वडिलांच्या नावापुढे उपाध्यांच्या अक्षरात 'लढाईत मयत, मुक्काम बसरा'. खाली आबांची सही, आणि ती रोमन लिपीत! फौजेत तेव्हा रोमन अक्षरांत लिहायला शिकवत, आबा शाळेत गेलेच नव्हते, त्यांना तीच अक्षरं येत होती. तीस वर्षांनी मुलाने बापाचं श्राद्ध केलं आणि बापाचं नाव कुठेतरी कागदावर चढवून ठेवलं. मी ती सही बराच वेळ बघत बसलो. गुरुजींनी चहा मागवला.

पणजोबांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. भावकीतल्या थोरल्यांचं म्हणणं पडलं की नाव आधी चावडीवर लागू दे, मग फेसबुकवर. मला ते पटलं.

तर आता चावडीचं. पाटीतल्या पाचांपैकी तीन नावं सापडली आहेत. एक आमचे पणजोबा. दुसरे वरच्या आळीचे. तिसरे त्या काळच्या महारवाड्यातले, 111 व्या महार पलटणीचे. ही पलटण 1917 मध्ये उभी केली आणि 1921 मध्ये मोडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती इंग्रजांनी बंद केली होती, त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला होता. गरज लागली तेव्हा बोलावलं, गरज सरली तेव्हा मोडलं, आणि पुन्हा महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडलं. मागच्या बैठकीत कोणीतरी हळूच विचारलं की फलकावर नावं कुठल्या क्रमाने लावायची. मेलेल्या तारखेच्या क्रमाने. यात चर्चेला जागा नाही, असं मला वाटतं, आणि ग्रामसभेत मी हेच बोलणार आहे.

ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे. जुनी पाटी हलवायची नाही, तिच्याखाली नावांचा नवा फलक लावायचा, असा ठराव मांडतोय. दोन नावं अजून बाकी आहेत. वाड्यावस्त्यांवर, मुंबईला, पुण्याला असलेल्या आपल्या सगळ्या मंडळींना विनंती, घरात बघा. जाड ब्राँझची गोल चकती, त्रिशूळवाली बाई आणि सिंह. कोणी देव्हाऱ्यात ठेवली असेल, कोणी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून. मोडीत घातली असेल तर निदान कोणाची होती ते आठवून सांगा. बिल्ले, पेन्शनीचा कागद, पोस्टाचं जुनं पाकीट, काहीही चालेल. फोटो काढून मला पाठवा, नाहीतर संध्याकाळी चावडीवर या, सातनंतर मी तिथे असतो.