कॉर्टिसोनची माघार : दीर्घकालीन स्टेरॉइड उपचार कमी करण्याच्या पद्धतीचा इतिहास (१९४८ ते २०२४)

प्रास्ताविक

वैद्यकाच्या इतिहासलेखनात शोधाच्या घटनेला मानाचे स्थान मिळते. औषध कोणी शोधले, प्रथम कोणास दिले, पारितोषिक कोणाला मिळाले यांच्या नोंदी विपुल आढळतात. दिलेले औषध शरीरातून परत कसे काढून घ्यावयाचे, हा प्रश्न वैद्यकाने कसा सोडविला याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. कॉर्टिसोनच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे औषध देणे जितके सोपे ठरले तितकेच ते थांबविणे अवघड ठरले. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या बाजूचा मागोवा घेतला आहे. लेखाचा दृष्टिकोन ऐतिहासिक असून उपचाराचा सल्ला देणे हा त्याचा हेतू नाही.

रॉचेस्टर येथील प्रयोग

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो क्लिनिक ही संस्था आहे. तेथील डॉ. फिलिप हेंच यांना १९२९ मध्ये असे आढळले की, संधिवाताभ संधिशोथाच्या एका रुग्णास कावीळ झाली आणि त्याची सांधेदुखी ओसरली. गर्भारपणातही अनेक स्त्रियांचा हा विकार सौम्य होतो. यावरून शरीरातच एखादे गुणकारी द्रव्य निर्माण होत असावे, असा तर्क त्यांनी केला. त्याच संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल हे अधिवृक्क ग्रंथींतील द्रव्ये वेगळी करीत होते. त्यांपैकी ‘कंपाउंड ई’ हे द्रव्य पुढे कॉर्टिसोन या नावाने प्रसिद्धीस आले. मर्क कंपनीतील लुईस सॅरेट यांनी पित्ताम्लापासून ते तयार करण्याची दीर्घ प्रक्रिया सिद्ध केल्यावर त्याचा रुग्णांवर वापर शक्य झाला.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षे वयाच्या एका स्त्रीस पहिले इंजेक्शन देण्यात आले. जिला अंथरुणावर कूस बदलणे कठीण होते ती काही दिवसांतच चालू लागली. १९४९ च्या एप्रिलमध्ये हे निष्कर्ष जाहीर झाले आणि १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल व स्वित्झर्लंडचे टाडेउश राइखश्टाइन यांना विभागून मिळाले. इतक्या त्वरेने मिळालेली मान्यता विरळाच म्हणावी लागेल. औषध थांबविताच बहुतेकांचा आजार उलटतो, हेही मेयोच्या डॉक्टरांनी त्याच वेळी नोंदविले होते. पण वृत्तपत्रांना त्यात रस नव्हता.

विसरलेला पुरावा

येथे एक बाब विशेष लक्षणीय आहे. १९३८ मध्येच ड्वाइट इंगल, हिगिन्स व स्वतः केंडल यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखविले होते की, अधिवृक्क ग्रंथींचा अर्क बाहेरून मोठ्या प्रमाणात दिला तर प्राण्याच्या स्वतःच्या ग्रंथी आक्रसतात. याचे कारण असे की, पोष ग्रंथी रक्तातील कॉर्टिसोलची पातळी पाहून अधिवृक्क ग्रंथींना आदेश देत असते. पातळी बाहेरूनच भरून निघाली की आदेश थांबतो आणि काम नसलेली ग्रंथी सुकते. म्हणजे ज्या शास्त्रज्ञाच्या हातून औषध आले त्याच्याच हातून धोक्याची सूचनाही आली होती, आणि तीही दहा वर्षे आधी. १९४८ ते १९५१ या काळातील उत्साहात तिचे स्मरण फारसे कोणास राहिले नाही.

ते करून दिले १९५२ च्या एका मृत्यूने. संधिवाताभ संधिशोथासाठी काही महिने कॉर्टिसोन घेत असलेल्या ३४ वर्षांच्या एका पुरुषावर खुब्याची शस्त्रक्रिया झाली. काही तासांतच त्याचा रक्तदाब ढासळला व तो उपचारांनी सावरला नाही. शवविच्छेदनात त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. शस्त्रक्रियेसारख्या ताणाच्या प्रसंगी निरोगी शरीर जी जादा संप्रेरके सोडते ती सोडण्याची क्षमताच त्याच्यात उरली नव्हती. उंदरांवरील निष्कर्षाचा हा मानवी पुरावा होता.

मेयोमधीलच डॉ. चार्ल्स स्लोकम्ब यांनी १९५२-५३ च्या सुमारास याहून सूक्ष्म प्रश्न हाताळला. मात्रा कमी करताना रुग्णास अंगदुखी, थकवा व सांध्यांचा ताठरपणा जाणवतो. हा मूळ आजार उलटल्याचा परिणाम की औषध कमी झाल्याचा? लक्षणे जवळजवळ सारखीच असतात, आणि चिकित्सकाने पहिला अर्थ लावला तर मात्रा पुन्हा वाढते. अशा रीतीने अनेक रुग्ण वर्षानुवर्षे चढत्या मात्रेत अडकले. प्रस्तुत लेखकाच्या मते स्लोकम्ब यांची ही मांडणी शोधाच्या तोलाची आहे. परंतु तिला पारितोषिक नाही आणि पाठ्यपुस्तकांत क्वचितच नाव आहे.

मात्रेचे गणित

१९५४ मध्ये ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिल व नफील्ड फाउंडेशन यांच्या संयुक्त समितीने कॉर्टिसोन व ॲस्पिरिन यांची तुलना केली. वर्षाअखेरीस दोहोंत फारसा फरक आढळला नाही. कॉर्टिसोनचा दबदबा त्यामुळे ओसरू लागला, तरी १९५५ मध्ये अधिक प्रभावी प्रेडनिसोन आल्याने स्टेरॉइडचा वापर टिकून राहिला. ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोन हे सुमारे २५ मि.ग्रॅ. कॉर्टिसोनच्या तोडीचे असते. १९६३ मध्ये हार्टर, रेड्डी व थॉर्न यांनी एक दिवसाआड मात्रा देण्याची पद्धत अभ्यासली.

‘हळूहळू’ म्हणजे नेमके किती, याचे उत्तर १९६५ मध्ये ग्रेबर, लिडल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासातून मिळाले. दीर्घकाळ दबलेली व्यवस्था एकदम जागी होत नाही. प्रथम पोष ग्रंथी सावरते. दुसऱ्या ते पाचव्या महिन्यापर्यंत तिचा आदेश पूर्ववत, किंबहुना अधिक जोरकस होतो. तरीही अधिवृक्क ग्रंथी प्रतिसाद देत नाहीत. संपूर्ण पूर्वपदास नऊ महिन्यांहून अधिक काळ लागू शकतो. सुरुवातीस मोठ्या टप्प्यांनी व शेवटी अगदी लहान टप्प्यांनी मात्रा उतरविण्याच्या प्रथेस येथे शास्त्रीय आधार मिळाला.

शरीर दररोज किती कॉर्टिसोल तयार करते याचा जुना अंदाज २० ते ३० मि.ग्रॅ. होता. १९९१ च्या मोजमापात तो सुमारे १० मि.ग्रॅ. निघाला. ज्या मात्रेस केवळ ‘भरपाई’ समजले जात होते, तीही अनेकदा गरजेपेक्षा जास्त होती, असा याचा अर्थ होतो.

पॉलिमायल्जिया ऱ्हुमॅटिका या विकाराबाबत २०१५ मध्ये युरोप व अमेरिकेतील तज्ज्ञसंस्थांनी जी शिफारस केली तिच्यात हा इतिहास मुरलेला दिसतो : आरंभी १२.५ ते २५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोन, चार ते आठ आठवड्यांत १० मि.ग्रॅ. आणि त्यापुढे दर चार आठवड्यांनी केवळ १ मि.ग्रॅ.ची कपात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संधिवाताभ संधिशोथाच्या स्थिर रुग्णांचे ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोन याच गतीने शून्यावर आणले गेले. ६५ टक्के रुग्णांना ते साधले. मात्रा चालू ठेवलेल्या गटात आजार काबूत राहण्याचे प्रमाण ७७ टक्के होते. म्हणजे कपातीची किंमत आजही शून्य नाही.

२०२४ च्या युरोपीय व अमेरिकी अंतःस्रावतज्ज्ञांच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन-चार आठवड्यांपेक्षा कमी काळ घेतलेले औषध टप्प्यांविना थांबविता येते. दीर्घकाळ घेणाऱ्यांची मात्रा प्रथम ४ ते ६ मि.ग्रॅ. प्रेडनिसोनपर्यंत उतरवून मग सकाळच्या रक्तातील कॉर्टिसोल तपासता येते. ते डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमहून अधिक असेल तर औषध थांबते. ५ हून कमी असेल तर तीच मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना आणीबाणीसाठी एक कार्ड दिले जाते. शस्त्रक्रिया किंवा गंभीर आजाराच्या वेळी रुग्णास जादा स्टेरॉइडची गरज आहे, ही सूचना त्यावर छापलेली असते.