नऊशे त्रेसष्टचा सातबारा

बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातले धामणगाव बढे वऱ्हाडात मोडते खरे, पण रेडिओपुरते ते खानदेशाच्या पदरात आहे. नागपूरचे ५८५ किलोहर्ट्झ इथे धरता येते, रात्री मुंबईही सापडते. पण दिवसा खणखणीत वाजायचे ते आकाशवाणीचे जळगाव केंद्र, मध्यम लहरी ३११ मीटर, म्हणजेच ९६३ किलोहर्ट्झ. काही वर्षांपूर्वी या भागातल्या आमच्या नात्यातल्या एका घरी अमेरिकेहून आलेल्या नातवाने आजोबांसाठी तळहाताएवढा रेडिओ आणला. काटा फिरवायचा नाही, नुसते बटण दाबायचे की आकडा बदलतो. आबांनी दाबले: ९५०, ९६०, ९७०. मागे आले, पुन्हा ९६०. जळगाव लागले, पण बातम्या देणाऱ्याच्या गालात सुपारी असावी तसे. "याचा तं घसाच बसला," म्हणत आबांनी तो फडताळात ठेवला आणि कातडी कव्हरातला जुना रेडिओ पुन्हा उशाशी घेतला. नव्या यंत्रात बिघाड काहीच नव्हता. ते अमेरिकेच्या हिशेबाने दहा-दहाच्या पायऱ्या चढत होते आणि आपला देश नऊ-नऊच्या पायऱ्यांवर उभा आहे. ९६३ म्हणजे १०७ गुणिले ९. अमेरिकेच्या जिन्यात ही पायरीच नाही.

शेताचा सातबारा काढला की कुणाकडून कुणाकडे जमीन आली, धुरा कुठे पडला, फेरफार कधी झाला, हे कळते. ९६३ या आकड्याचाही तसा उतारा निघतो. फक्त त्यासाठी तलाठ्याकडे न जाता आपल्याला दीडशे वर्षे मागे, तारेच्या खांबांपाशी जावे लागते. १७ मे १८६५ रोजी पॅरिसमध्ये वीस देशांनी आंतरराष्ट्रीय तारसंघ स्थापन केला. तोवर सरहद्द आली की तार थांबे, कागदावर उतरवून पलीकडच्या कारकुनाच्या हाती दिली जाई आणि तिथून नव्याने पाठवली जाई. या संघात हिंदुस्तान आला १ जानेवारी १८६९ रोजी, आणि गंमत अशी की ब्रिटन आले त्यानंतर, १८७१ मध्ये. इंग्लंडातल्या तारा तेव्हा खासगी कंपन्यांच्या होत्या आणि संघात जागा होती ती सरकारी तारखात्यांना. हिंदुस्तानचे खाते सरकारी होते, इराणच्या आखातातून युरोपकडे जाणारी तारही त्याच्याच कामाची होती. गुलाम देश मालकाच्या आधी पंगतीला बसल्याची अशी उदाहरणे इतिहासात फार नसतील. अर्थात पानावर बसलेले लोक गोरेच होते, हेही विसरू नये.

तारेला खांब लागतात, म्हणून तिचे भांडण सरहद्दीवर सुटते. बिनतारी लहरींना सरहद्द दिसतच नाही. मार्कोनीच्या कंपनीने याचा फायदा वेगळ्याच रीतीने घेतला. ती जहाजांना यंत्रे विकत नसे. यंत्र भाड्याने, त्यावर बसणारा माणूसही कंपनीचाच, आणि त्याला ताकीद अशी की दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचे नाही. १९०२ मध्ये जर्मन सम्राटाचा भाऊ प्रिन्स हाइनरिख 'डॉइचलांड' जहाजातून अमेरिकेहून परतत होता. पाहुणचाराबद्दल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचे आभार मानावेत म्हणून त्याने संदेश द्यायला सांगितले, तर किनाऱ्यावरच्या मार्कोनी ठाण्याने तो घ्यायला नकार दिला, कारण जहाजावरचे यंत्र जर्मन बनावटीचे होते. एका राजपुत्राच्या अडलेल्या आभारपत्रातून पुढचे सगळे महाभारत घडले. १९०३ मध्ये बर्लिनला नऊ देश जमले, पण ब्रिटन आणि इटली मार्कोनीच्या बाजूने अडून बसले. तीन वर्षांनी बर्लिनलाच मोठी परिषद भरली आणि ३ नोव्हेंबर १९०६ रोजी २७ देशांनी करारावर सह्या केल्या. यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, किनाऱ्याने जहाजाला उत्तर दिलेच पाहिजे, हे त्यातले मुख्य कलम. संकटाची हाक म्हणून एसओएस ठरले आणि जहाजांसाठी ६०० आणि ३०० मीटर अशा दोन लहरी राखल्या गेल्या. आकाशातला हा पहिला धुरा. आपल्या उताऱ्याची वरची ओळ इथे लिहिली गेली, असे मी मानतो. कारण 'हा पट्टा या कामाचा' असे राष्ट्रांनी मिळून प्रथम म्हटले ते बर्लिनमध्ये.

टायटॅनिक बुडाल्यावर दोनच महिन्यांत, जून १९१२ मध्ये, लंडनची परिषद भरली आणि नियम कडक झाले. मग महायुद्ध आले. आपण थांबायचे ते १९२७ पाशी, कारण त्या एका वर्षात आपल्याकडचे आणि जगाकडचे धागे एकत्र येतात. २३ जुलै रोजी मुंबईत व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. त्याआधी चार वर्षे बॉम्बे रेडिओ क्लबचे हौशी लोक प्रक्षेपण करत होतेच. सप्टेंबरमध्ये लघुलहरींचा झोत थेट इंग्लंडकडे फेकणारी बीम सेवा चालू झाली: पाठवणारे ठाणे पुण्याजवळ खडकीला, घेणारे दौंडला. दौंड म्हटले की आपल्याला गाडी बदलणे आठवते, पण लंडनची तार हवेतून उतरायची ती तिथे. आणि ४ ऑक्टोबरपासून वॉशिंग्टनमध्ये सुमारे ८० देशांची परिषद बसली. तिने १० किलोसायकलपासून (किलोसायकल म्हणजे आजचे किलोहर्ट्झ) ६०,००० किलोसायकलपर्यंतचा सगळा पल्ला कामाकामांत वाटून दिला: हे जहाजांचे, हे विमानांचे, हे हौशींचे, आणि ५५० ते १५०० हे प्रामुख्याने नभोवाणीचे. ९६३ हा आकडा ज्या शिवारात आहे त्याची आखणी झाली ती ही. याच परिषदेच्या यादीत ब्रिटिश हिंदुस्तानच्या नावावर संकेताक्षरांचा गठ्ठा होता, व्ही-टीपासून व्ही-डब्ल्यूपर्यंत. आपल्या विमानांच्या शेपटीकडे आजही दिसणारे 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी', असा दर काही वर्षांनी ओरडा होतो. तसे काही नाही. त्याचा उगम या गठ्ठ्यात आहे. आसपासचे व्ही कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंकडे गेले.

शिवार आखले तरी वाफे पाडायचे राहिले होते. ते काम युरोपात आधीच सुरू झाले होते आणि करणारा माणूस आज कुणाला फारसा आठवत नाही. रेमंड ब्रेयार हा अभियंता. नभोवाणी केंद्रे एकमेकांच्या अंगावर येऊ लागली तेव्हा त्याने प्रत्येक केंद्रात १० किलोसायकलचे अंतर ठेवून ९९ लहरींचा आराखडा केला: ८३ एकेकाच्या मालकीच्या, १६ सामाईक. नोव्हेंबर १९२६ मध्ये ही जिनिव्हा योजना अमलात आली. नुसता कागद पाळला जात नाही हे ओळखून त्याने ब्रसेल्सला एक तपासणी ठाणे थाटले. तिथे रात्र-रात्र बसून कोणते केंद्र आपल्या जागेवरून सरकले ते मोजले जाई. धुरा कोरणारा शेजारी सगळीकडेच असतो. केंद्रे वाढत गेली तशी १९२९ च्या सुमारास दहाचे अंतर नऊवर आले. नऊचा जन्म हा असा, युरोपच्या दाटीवाटीत. अमेरिका आणि आशिया ऐसपैस होते, ते दहावरच राहिले.

१९३२ मध्ये माद्रिदला तार आणि रेडिओ यांचे करार एकत्र होऊन आजचा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ उभा राहिला; १९३८ ची कैरो परिषद आपण ओलांडून जाऊ. १९४७ ची अटलांटिक सिटीची रेडिओ परिषद मात्र ओलांडता येत नाही. ती १६ मे रोजी सुरू झाली आणि २ ऑक्टोबरला संपली. सुरू झाली तेव्हा व्हाइसरॉय होता, सह्या झाल्या तेव्हा तिरंगा होता, आणि दिवस गांधीजयंतीचा. मधल्या चार-साडेचार महिन्यांत एका देशाचे दोन झाले, आणि त्याच काळात तिकडे जगाचे रेडिओसाठी तीन विभाग पाडले गेले: युरोप-आफ्रिका पहिला, अमेरिका दुसरा, आणि आपण, बहुतेक आशिया व ऑस्ट्रेलिया तिसरा. त्याच परिषदेत २,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या भट्ट्या-यंत्रांसाठी सोडून दिली. गावाबाहेरच्या पडीक गायरानासारखी ती जागा होती. १९५२ मध्ये दिल्लीत आपला बिनतारी नियोजन आणि समन्वय विभाग स्थापन झाला. संघात ठरलेले देशात वाटून द्यायचे काम त्याच्याकडे. गावापर्यंत हे सगळे पोचत होते ते टपाल कचेरीतून. १९३३ च्या कायद्याने घरात रेडिओ ठेवायला परवाना लागे. त्याचे एक छोटे पुस्तक असे, आणि दर वर्षी पैसे भरून त्यात तिकीट चिकटवून आणायचे. आबांकडचे पुस्तक अजून आहे. तिकिटांवरचे गोल शिक्के पुसट झाले आहेत, पण कडेला डिंकाचे पिवळे डाग स्पष्ट दिसतात. १९८० च्या दशकाच्या मध्याला ही पद्धत बंद झाली.

आता येतो आपल्या उताऱ्यावरचा मुख्य फेरफार. मध्यम लहरींचा स्वभाव असा की दिवसा त्या जमिनीलगत चालतात आणि थोड्याच अंतरावर विरतात. सूर्य मावळला की वातावरणातला त्यांना शोषून घेणारा थर ओसरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावर आपटून हजारो किलोमीटरवर उतरतात. त्यामुळे युरोप, आफ्रिका, आशिया ही रात्री एकमेकांच्या अंगणात येत. इकडचा दहाचा हिशेब आणि तिकडचा नऊचा. एक केंद्र ९६० वर आणि दुसरे ९६३ वर असेल तर मधल्या तीन किलोहर्ट्झच्या फरकाची एक बारीक, न संपणारी शिट्टी रेडिओत ऐकू येते. जुन्या माणसांना ती रात्रीची शिट्टी चांगली आठवते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनाही केंद्रे हवी होती आणि जागा तेवढीच. म्हणून ६ ऑक्टोबर १९७५ रोजी जिनिव्हात पहिल्या आणि तिसऱ्या विभागाची परिषद बसली आणि २२ नोव्हेंबरला ठरले की दोन्हीकडे नऊचेच अंतर, आणि प्रत्येक आकडा नऊने नि:शेष भाग जाणारा. ५३१ पासून १६०२ पर्यंत १२० जागा. दहाच्या हिशेबात ५४० ते १६०० मध्ये १०७ बसतात. म्हणजे एक-एक किलोहर्ट्झ सगळ्यांनी आवरून घेतला आणि तेरा जागा निघाल्या. त्याची किंमत आवाजाने मोजली. वाफा अरुंद झाला की वरचे सूर छाटले जातात. मध्यम लहरींवर बासरी थोडी घोंगडी पांघरून येते ती त्यामुळेही. माझ्या मते सौदा वाईट नव्हता. बाजारभाव आणि पावसाचा अंदाज ऐकायला तेवढी रुंदी पुष्कळ होते, आणि तेरा जागा म्हणजे बऱ्याच भाषा. जळगाव केंद्र सुरू झाले १९७६ मध्ये, करारावर सह्या झाल्यानंतर पण तो अमलात येण्याआधी. २३ नोव्हेंबर १९७८ रोजी तो अमलात आला, आणि जपान, ऑस्ट्रेलियापर्यंतची केंद्रे दहाच्या पायऱ्यांवरून नऊच्या पायऱ्यांवर आली. ९६३ ही त्या १२० मधली एकोणपन्नासावी जागा. अमेरिका खंडाने १९८१ मध्ये रिओत आपला वेगळा हिशेब केला आणि दहाच ठेवले. आबांच्या नव्या रेडिओचा घसा बसला तो रिओत.

पुढचे फेरफार आकाराने मोठे, पण आपल्याला परिचयाचे आहेत. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या वादात, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. १९४७ चे ते गायरानच, आणि आज गावातल्या कुठल्याही दुकानात वायफाय चालते ते त्यावर. २०२२ च्या लिलावात ५जी आणि इतर पट्ट्यांचे दीड लाख कोटींवर मोल झाले. आणि शेजारच्या जालन्यात केंद्र सरकारचे उपग्रह निरीक्षण ठाणे आहे. उपग्रह आपापल्या वाफ्यात राहतात की नाही हे तिथून पाहतात. ब्रसेल्समध्ये रात्र जागवणाऱ्या माणसांचे ते आजचे वारस.

नव्या रेडिओचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पुढच्या सुट्टीत नातू आला तेव्हा त्याला बॅटरीच्या खणात एक बारीक खटका दिसला: एका बाजूला ९, दुसऱ्या बाजूला १०. बॉलपेनच्या रिफिलने त्याने तो सरकवला. आबांनी बटण दाबले: ९४५, ९५४, ९६३. जळगाव मोकळ्या गळ्याने बोलले. रात्री अकराच्या पुढे केंद्राची शेवटची सभा संपली, तरी आबांनी रेडिओ बंद केला नाही. खरखर थोडी निवळली आणि तिच्या तळाशी कुणीतरी अगदी हळू, बहुधा अरबीत, बोलत होते. कुवेतच्या नावावरही ९६३ आहेच. आबांनी कान जवळ नेला आणि नातवाला विचारले, "हा कोन रे आपल्या धुऱ्यावर?"