उपनगरांचे मत आणि मुंबईचे सत्तांतर

मुंबई महापालिकेचे १९५७ मधील सत्तांतर हे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे एक प्रकरण म्हणून सांगितले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याकडे फोर्टातून न पाहता अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथून पाहावे, असे आम्हांस वाटते. कारण तेथून एक निराळाच प्रश्न दिसू लागतो.

ही उपनगरे मुंबईच्या उपयोगी फार पूर्वी पडली. मुंबईकर मात्र उशिरा झाली. विहार (१८६०), तुळशी (१८७९) आणि पवई (१८९१) हे तलाव साष्टीच्या भूमीवर बांधले गेले, ते बेटावरील शहराची तहान भागविण्यासाठी. त्याच साष्टीतील लोकांस शहराच्या कारभारात मत मिळावयास १९५० उजाडावे लागले. त्या वर्षी जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत आला. फेब्रुवारी १९५७ मध्ये हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत गेली.

तोवर हवा पार पालटली होती. पालिकेत वर्चस्व काँग्रेसचे, स. का. पाटील १९४९ ते १९५२ महापौर होते. परंतु १९५५-५६ च्या गोळीबारांत माणसे पडली, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक राज्य माथी आले. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन, असे एरवी एकमेकांस पाण्यात पाहणारे पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीत एकत्र आले. १९५७ मध्ये पालिका समितीच्या हाती गेली. मो. वा. दोंदे महापौर झाले. पुढे १९५८ मध्ये कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर, आणि १९५९ मध्ये पी. टी. बोराळे.

लंडनच्या कौंटी कौन्सिलात १९३४ मध्ये मजूर पक्ष हर्बर्ट मॉरिसनच्या नेतृत्वाखाली सत्तेवर आला, तो ते कौन्सिल १९६५ मध्ये विसर्जित होईपर्यंत टिकला. घरे, शाळा, इस्पितळे हा त्या सत्तेचा पाया होता. समितीचा पाया राज्याचा होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि ज्या सूत्राने पक्ष बांधले होते ते सूत्रच सुटले. १९६१ च्या निवडणुकीत पालिका पुन्हा काँग्रेसकडे गेली.

मग उपनगरच्या मतदाराने १९५७ मध्ये चूक केली काय? आम्हांस तसे वाटत नाही. आपण कोणत्या राज्यात राहावयाचे, हा प्रश्न नळ-गटारांहून लहान नव्हता, आणि दुसऱ्या कोणत्या मार्गाने तो विचारण्याची सोय त्यास नव्हती. मात्र मोठ्या कार्यासाठी मत दिले म्हणजे लहान कामांचा जाब विचारण्याचा हक्क संपत नाही. ज्याच्या अंगणातले तलाव शहराने वापरले, त्याने आपल्या नळाचा हिशेब प्रत्येक सत्तेकडे, आपल्या आवडत्या सत्तेकडे तर आधी, मागावा. १९५७ चा विजय खरा होता. १९६१ चा निकाल हा त्याचा उपसंहार होय, खंडन नव्हे.