महोगनीच्या ओंडक्यातील नक्षी

सोन्याची परीक्षा कसोटीच्या दगडावर होते, धान्याची मूठभर वानगीवरून होते. पण नक्षीदार लाकडाची परीक्षा ओंडका चिरल्याखेरीज होत नाही. झाडाच्या पोटात तंतू कसे वळले आहेत, फांदी फुटताना त्यांनी कोणते वळण घेतले आहे, हे साल पाहून सांगता येत नाही. ओंडका चिरावयाचा तर तो आधी विकत घ्यावा लागतो, आणि विकत घेताना आत काय आहे हे ठाऊक नसते. वखारीत शिसवीचा ओंडका निवडणाऱ्या आपल्याकडील सुताराला ही अडचण जशी भेडसावते, तशीच ती अठराव्या शतकातील इंग्लंडच्या कारागिरांनाही भेडसावीत होती. त्यांनी तिच्यातून कोणती वाट काढली आणि त्या वाटेचे मोल कोणी दिले, हे महोगनीच्या व्यापाराच्या इतिहासात स्पष्टपणे वाचावयास मिळते.

महोगनी हे वेस्ट इंडीज बेटांतील आणि मध्य अमेरिकेतील झाड. इंग्लंडमध्ये उंची सामानासाठी त्यापूर्वी अक्रोडाचे लाकूड मानाचे समजले जाई. १७२१ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा करून अमेरिकेतील आपल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरील आयातकर उठविला. कायद्याचा मुख्य हेतू आरमाराला लागणाऱ्या मालाची सोय करण्याचा होता; पण त्याचा लाभ जमैकातील महोगनीला झाला. १७४० साली इंग्लंडात वर्षाला ५२५ टन महोगनी उतरत होती. दहाच वर्षांत हा आकडा ३,६८८ टनांवर गेला, आणि १७८८ मध्ये तर तो ३०,००० टनांच्याही पुढे होता. टॉमस चिपेंडेल याचा सामानाच्या नमुन्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १७५४ साली निघाला, तो या भरतीच्या काळातच.

महोगनी टिकाऊ होती, रुंद फळ्या देणारी होती, वाकत वा तडकत नव्हती. परंतु श्रीमंतांच्या दिवाणखान्यात ती शिरली ती केवळ या गुणांमुळे नव्हे. काही ओंडक्यांत तंतू आलटून पालटून उलटसुलट वाढलेले असत. त्यांतून उजळ व गडद पट्टे उमटत. काहींत तंतू लाटांसारखे असत. त्या पृष्ठावर प्रकाश पडला की लाकूड हलते आहे असा भास होई. जेथे खोडाला दोन फाटे फुटतात, त्या बेचक्यातून तर पिसाऱ्यासारखी आकृती निघे. साध्या ओंडक्याच्या आणि अशा नक्षीदार ओंडक्याच्या किमतीत जमीन-अस्मानाचे अंतर असे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मार्क ब्रुनेल याने लंडनजवळ बॅटरसी येथे वाफेवर चालणाऱ्या प्रचंड गोल करवती बसविल्या आणि एका ओंडक्यातून अत्यंत पातळ असे पुष्कळ पत्रे निघू लागले. नक्षीदार ओंडक्याचे मोल त्यामुळे आणखीच वाढले. कारण एका झाडाची नक्षी आता अनेक मेजांवर चिकटविता येत होती.

मात्र असा ओंडका ओळखावयाचा कसा? व्यापारी खरेदीपूर्वी ओंडक्याला गिरमिटाने भोक पाडीत आणि निघालेला भुसा व चुरा पाहून अंदाज बांधीत. पण एवढ्याने आतली नक्षी कळत नसे. हा धंदा म्हणजे बव्हंशी सोडत आहे, असे त्या काळच्या व्यापारविषयक ग्रंथांत नमूद आहे. त्याच ग्रंथांत पियानो बनविणाऱ्या ब्रॉडवुड पेढीची एक हकीकत येते. या पेढीने एकाच झाडाचे तीन ओंडके ३,००० पौंडांना घेतले. प्रत्येक ओंडका सुमारे १५ फूट लांब आणि ३८ इंच चौरस होता, आणि इंचाला आठ या हिशेबाने त्याचे पातळ पत्रे कापण्यात आले. कोणत्याही बाजूने पाहावे तो त्यांची नक्षी वेगळीच दिसे. या हकीकतीतील महत्त्वाची गोष्ट मात्र किमतीहून निराळी आहे. त्या ओंडक्यांची योग्यता ते इंग्लंडात येण्यापूर्वीच पुरती ठाऊक होती, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे पेढीने डोळे झाकून सोडतीची चिठ्ठी उचलली नव्हती. जाणत्या माणसांच्या ज्ञानासाठी तिने किंमत मोजली होती.

हे मर्म लँकेस्टरच्या रॉबर्ट गिलो याने फार आधी ओळखले होते. १७३० च्या सुमारास त्याने सामानाचा कारखाना काढला. लंडनच्या वखारींवर विसंबून न राहता त्याने वेस्ट इंडीजशी स्वतःच व्यापार मांडला आणि जहाजात भागीदारीही घेतली. जाताना जहाजातून तयार सामान जाई आणि परतताना महोगनी व रम येई. कारागीर आणि जंगल यांच्यामधील हात जितके कमी, तितकी फसगत कमी, हा त्यामागील विचार होय. गिलो घराण्याचे नाव पुढे शतकाहून अधिक काळ टिकले, त्याला लाकडाची ही चोख निवडही कारण झाली.

तथापि गिलोची जहाजे बंदरापर्यंतच जात. झाडापर्यंत कोण जाई? त्याचे वर्णन कॅप्टन हेंडरसन याच्या १८०९ सालच्या पुस्तकात आढळते. होंडुरासच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या बेलीझ देशात, इंग्रजांना महोगनी तोडण्याचा हक्क १७८६ साली स्पेनशी झालेल्या करारान्वये मिळाला. तोडीचे काम आफ्रिकी गुलामांच्या टोळ्या करीत. प्रत्येक टोळीत एक माणूस असे. त्याला ‘शिकारी’ म्हणत. त्याची शिकार जनावराची नसून झाडाची असे. ऑगस्टच्या आरंभी तो एकटा गर्द रानात शिरे, सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यावर चढे आणि चहूकडे नजर फिरवी. त्या दिवसांत महोगनीच्या पानांवर पिवळसर-तांबूस छटा येते. ती दुरून हेरून तो खाली उतरे आणि होकायंत्रावाचून नेमका त्या झाडापाशी पोहोचे. प्रतिस्पर्धी टोळीचे लोक त्याच्या मागावर असत, म्हणून आपली पावले झाकण्याची कलाही त्याला अवगत करावी लागे.

पुढे कुऱ्हाडवाले येत. बुंध्याशी मचाण बांधून जमिनीपासून १०–१२ फुटांवर झाड तोडले जाई. मोठ्या मापासाठी खोडाला मोल होते. पण शोभेच्या कामाला जाड फांद्या पसंत पडत, कारण त्यांच्या रेषा अधिक दाट आणि विविध असत, हे या लोकांना अनुभवाने ठाऊक होते. एप्रिल-मे महिन्यांत, जमीन कोरडी असताना, बैल जोडलेल्या गाड्यांवरून ओंडके नदीकाठी ओढून नेत. दिवसाचे ऊन बैलांना सोसत नसल्यामुळे हे काम रात्री मशालींच्या उजेडात चाले. जूनमध्ये नद्यांना पूर आला की ओंडके प्रवाहात सोडीत आणि खालच्या अंगाला पात्रावर आडव्या घातलेल्या अडसराशी, मालकांच्या खुणा पाहून, ते निवडीत.

लंडनच्या गिऱ्हाइकाला जी पारख हवी होती, तिचा उगम अशा रीतीने त्या उंच झाडाच्या शेंड्यावर होता. अशा शिकाऱ्याची किंमत ५०० पौंडांहूनही अधिक केली जाई, असे हेंडरसन लिहितो. ही त्याची मजुरी नव्हती. तो स्वतः विकला गेला तर येणारी ती रक्कम होती. पेढीच्या वह्यांत ओंडक्याची लांबी-रुंदी उतरली, जहाजाचे नाव उतरले, दलालाचे नाव उतरले; ज्याच्या डोळ्यांनी झाड शोधले त्याचे नाव मात्र कोठेच उतरले नाही. १८३४ साली गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ साली सक्तीची उमेदवारीही संपली. तरी उचल देऊन मजुराला कर्जात अडकविण्याची पद्धत त्या जंगलात पुढेही चालू राहिली.

झाडांचीही गत फारशी निराळी झाली नाही. जमैकाची हाताशी असलेली महोगनी अठराव्या शतकातच विरळ झाली. मग क्यूबा, मग होंडुरास, मग खंडाच्या अधिकाधिक आतील भाग, असा कुऱ्हाडीचा प्रवास झाला. धिप्पाड आणि सरळ झाडे आधी पडली, त्यामुळे बी धरणारी उत्तम झाडेच रानातून नाहीशी झाली. अखेरीस वन्य जीवांच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात वेस्ट इंडीजची महोगनी १९९२ साली आणि मुख्य भूमीवरील रुंद पानांची महोगनी २००३ साली नियंत्रित यादीत आली. तेव्हापासून रानातील असा ओंडका परदेशी पाठवावयाचा तर त्याचे मूळ सांगणारा परवाना जोडावा लागतो.

भारतालाही हा विषय परका नाही. जमैकातील महोगनीची रोपे १७९५ सालीच कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात लावण्यात आली होती. पश्चिम घाटातील शिसव ज्या कुळात मोडते, ते सारेच कूळ २०१७ च्या आरंभी त्याच आंतरराष्ट्रीय यादीत समाविष्ट झाले. शिसवीच्या वस्तू बाहेर पाठविणाऱ्या आपल्या कारागिरांना तेव्हापासून लाकडाच्या उगमाचे कागद जपावे लागत आहेत.

हे कागद अनेकांना जाच वाटतात, आणि छोट्या कारागिराला ते जड जातात हेही खरे. परंतु महोगनीचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांच्यामागील प्रश्न जुनाच असल्याचे ध्यानात येते. चांगला पुरवठादार म्हणजे चकचकीत फळी दाखविणारा नव्हे. हे झाड कोणत्या रानातले, कोणी तोडले, किती दिवस वाळविले, याचे उत्तर ज्याच्यापाशी असते तोच खरा पुरवठादार. अठराव्या शतकातील गिऱ्हाइकाने यांतील निम्मेच प्रश्न विचारले: लाकूड कसे आहे, एवढे त्याने पाहिले, ते कोणाच्या हातून आले, हे पाहिले नाही. त्या काळची मेजे आजही संग्रहालयांत झळकत आहेत, आणि त्यांच्या नक्षीत त्या न विचारलेल्या प्रश्नाचा भागही तितकाच आहे.