जुन्या नकाशांवरून किनारपट्टीतील बदलांचा अभ्यास

एकाच किनाऱ्याचे निरनिराळ्या काळांतील नकाशे परस्परांशी ताडून जमीन कोठे वाढली व कोठे घटली, हे ठरविण्याची ही पद्धत आहे. लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सोडण्यात आला. त्यापूर्वीच्या काळासाठी, हवाई छायाचित्रे वगळता, नकाशे हाच मुख्य आधार ठरतो.

जुन्या नकाशावर दाखविलेले आणि आजही जागेवर असलेले किल्ले, देवळे, चर्च असे स्थिर बिंदू निवडून तो नकाशा आजच्या अक्षांश-रेखांशांशी जुळविला जातो. मुंबईच्या बाबतीत वरळी, माहीम व शिवडी येथील किल्ले या कामी उपयोगी पडतात.

खरी अडचण त्यानंतर येते. दोन नकाशांतील प्रत्येक फरक हा किनाऱ्यातील फरक नसतो. कोणी भरतीची रेषा किनारा म्हणून काढतो, तर कोणी ओहोटीची. मुंबईत उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील अंतर ४ मीटरांहून अधिक असते. शिवडीसारख्या उथळ चिखलपट्टीवर तेवढ्याने पाण्याची कड शेकडो मीटर सरकते. शिवाय १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ प्रत्यक्षात २५ मीटर जागा व्यापते. अशा नकाशावरून २० मीटरांची धूप सिद्ध झाल्याचे सांगणे धाडसाचेच होय.

मुंबई बेटांच्या बाबतीत मात्र बदल एवढा मोठा आहे की अशा त्रुटी गौण ठरतात. सतराव्या शतकात येथे सात बेटे होती. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्ड या बांधाने महालक्ष्मी व वरळी यांमधून आत शिरणारे समुद्राचे पाणी अडविले. १८३८ मध्ये कुलाब्याचा आणि १८४५ मध्ये माहीमचा जोडरस्ता झाला. नकाशा फक्त परिणाम दाखवितो. समुद्र हटला की माणसाने भर घातली, हे कळण्यास सरकारी दप्तरे पाहावी लागतात. उमरखाडी, पायधुनी ही स्थलनामेही तेथील पूर्वीच्या पाण्याची साक्ष देतात.

या अभ्यासास व्यावहारिक महत्त्वही आहे. १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूस ५०० मीटरांपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध घातले. त्यामुळे भरतीरेषा कोठे आखली जाते, यावर कोळीवाड्यातील घराच्या दुरुस्तीचा प्रश्नही अवलंबून राहू लागला.