धानगिरणीचा पट्टा आणि गाडीचा पट्टा

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा मालगुजारी तलावांचा, म्हणजेच मामा तलावांचा, आणि त्यांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाचा प्रदेश आहे. धान पिकवण्याच्या इतिहासाबद्दल येथे पुष्कळ लिहिले गेले. ते भरडणाऱ्या यंत्रांना इंजिनाची गती पोहोचवणारा पट्टा मात्र उपेक्षितच राहिला. वास्तविक आज मोटारीच्या बॉनेटखाली पट्टा बदलणाऱ्या कारागिराला जे जाणावे लागते, त्याचा मोठा भाग गिरणीतील मिस्त्रीला आधीच अवगत होता.

पूर्वी घरोघरी धान कांडले जाई ते उखळ-मुसळाने किंवा पायाने चालणाऱ्या ढेकीने. १८८० च्या दशकात नागपूरहून तुमसर, गोंदिया मार्गे छत्तीसगडकडे जाणारा लोहमार्ग झाला आणि तांदूळ दूरच्या बाजारात पाठवणे सुलभ झाले. याच दशकात ब्राझीलमध्ये एंगलबर्ग यांनी तयार केलेले, लोखंडी रुळाच्या घर्षणाने एकाच फेरीत तूस व कोंडा काढणारे यंत्र पुढे भारतभर ‘हलर’ या नावाने पसरले. त्यात तांदळाची कणी फार होई. तरीही कांडणाऱ्या बायकांचे श्रम त्याने वाचवले, ही गोष्ट मोलाची आहे.

जड चाकाचे, संथ गतीचे तेल-इंजिन एका बाजूला, भिंतीलगत किंवा छताखाली फिरणारा लांब शाफ्ट आणि त्यावरील पुल्यांवरून प्रत्येक यंत्राकडे गेलेले कातड्याचे किंवा कॅनव्हासचे सपाट पट्टे, अशी जुन्या गिरणीची मांडणी असे. यात कळीचा प्रश्न दिशेचा होता. पट्टा सरळ घातला, तर दोन्ही पुल्या एकाच दिशेने फिरतात. मध्ये पीळ देऊन आठच्या आकड्यासारखा घातला, तर दुसरी पुली उलट फिरते, आणि पुलीला पट्ट्याचा विळखा अधिक मिळत असला तरी छेदबिंदूवर तो स्वतःशीच घासून झिजतो. आडव्या मांडणीत पट्ट्याची सैल बाजू वर ठेवण्याचा प्रघात होता, कारण तिच्या झोळामुळे पुलीवरील पकड वाढते. पुलीचा मध्यभाग किंचित फुगीर ठेवला जाई, कारण सपाट पट्टा स्वभावतः उंच भागाकडे सरकतो आणि म्हणून मध्यावर टिकतो. हे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर मिस्त्रीच्या हाताखाली काम करून मिळे. आणि उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा किंवा पदर अडकण्याचा धोका पत्करूनच मिळे, याचा विसर पडू नये.

अमेरिकेत जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबराचा व्ही-पट्टा आणला. त्याच्या उतरत्या कडा पुलीच्या खाचेत पाचरीसारख्या रुततात, त्यामुळे कमी ताणातही तो घसरत नाही. मोटारीच्या इंजिनात हाच ‘फॅन बेल्ट’ झाला. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. भंडारा-साकोलीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, पूर्वीच्या सहाव्या व आजच्या त्रेपन्नाव्या, ट्रक आणि एसटी वाढत गेल्या, तशी या पट्ट्याची निगा नव्या पिढीच्या कामाचा भाग झाली. क्रँकच्या पुलीवरून पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो फिरवणाऱ्या त्या साध्या त्रिकोणात वाट चुकण्यास फारसा वाव नव्हता. डायनॅमो सरकवून ताण बेताचा ठेवणे, एवढेच खरे कसब होते.

दिशेचा जुना प्रश्न परतला तो अनेक बारीक धारांच्या एकाच लांब, नागमोडी पट्ट्याबरोबर. १९७९ च्या फोर्ड मस्टँगपासून तो मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात आला आणि पुढे भारतीय गाड्यांतही रूढ झाला. हा पट्टा दोन्ही अंगांनी काम करतो. धारांची बाजू खाचांच्या पुल्यांवर बसते, तर सपाट पाठ गुळगुळीत पुल्यांवरून जाते, आणि पाठीने फिरवलेली पुली उलट दिशेने फिरते, म्हणजे गिरणीतील पिळाच्या पट्ट्याचे काम येथे पाठ करते. म्हणूनच एखाद्या पुलीला चुकीच्या बाजूने वळसा पडला, तर पाण्याचा पंप उलटा फिरून इंजिन तापू शकते, आणि नवा पट्टा लांबीला कमी किंवा जास्त असल्याचा भास होतो.

यासाठी जुना पट्टा काढण्यापूर्वी त्याची वाट कागदावर रेखाटणे किंवा बॉनेटखालील आकृती पाहणे, नंतर इंजिन बंद ठेवून टेन्शनर, म्हणजे ताण राखणारी स्प्रिंगची पुली, पान्याने फिरवून पट्टा सैल करणे, हा क्रम पाळला जातो. नवा पट्टा बसवल्यावर प्रत्येक धार आपल्याच खाचेत आहे का, हे बोटाने चाचपून पाहावे लागते, कारण एका खाचेने सरकलेला पट्टा थोड्याच वेळात कडेने फाटू लागतो. अलीकडच्या ईपीडीएम रबराच्या पट्ट्यांवर पूर्वीसारख्या भेगा लवकर दिसत नाहीत, त्यांच्या धारा आतून झिजतात. त्यामुळे केवळ नजरेने पट्टा चांगला ठरवण्याची जुनी सवय येथे अपुरी पडते आणि खाचेची खोली मापाने तपासावी लागते.